वरातीच्या चालीने

नूरीला राग यायला फारसं निमित्त लागत नसे, आणि विषय गाडीचा असला तर तेवढंही लागत नसे. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, शगुफ्ताच्या, सगाईच्या दिवशी सिंदेवाहीच्या आरिफचाचांनी तोंडात बडीशेप टाकता टाकता म्हटलं, "विदाईले आमची सुमो येईन. बाईमानसाच्या हाती दुल्हनची गाडी देत नसतेत," तेव्हा तिच्या अब्बांच्या, बाबूभाईंच्या, चंद्रपूरच्या घरातल्या सगळ्यांनी आधी नूरीकडेच पाहिलं. आरिफचाचा म्हणजे नवऱ्या मुलाचे, अनसचे, मोठे काका. त्या घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा असतो असं लोक सांगायचे. ते स्वतःही सांगायचे.

नूरीने शरबताचा ट्रे खाली ठेवला. "चाचा, दुल्हनची गाडी तिचा भाऊ चालवते. शगुफ्ताले भाऊ नाई. मी हाय."

"चुलतभाऊ असन नं कोनी?"

"हाय. पन अम्मी गेल्यावर तिच्या वेण्या घालाले तो आला नव्हता."

पडद्याआड बसलेल्या शगुफ्ताला हसावं की रडावं ते कळेना. बाबूभाई छताकडे पाहू लागले. आरिफचाचांना अशी सरळ उत्तरं ऐकायची सवय नव्हती. पण पाहुणे म्हणून आलेलो आहोत, शरबतही चांगलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं. ते म्हणाले, "ठीक हाय. चालव. पन गाडी वाटेत थांबली, का दुल्हन आमच्या सुमोत. मंजूर?"

"मंजूर," नूरी म्हणाली. बाबूभाईंना तेव्हाच जोराचा ठसका लागला, कारण गाडीची खरी हालत पाहुण्यांना ठाऊक नसली तरी बापलेकीला चांगली ठाऊक होती.

ही गाडी काही साधी नव्हती. नूरीचा डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबायच्या कामाचा नाही. त्यामुळे गाडी चालवायची तिची हौस, अख्ख्या मोहल्ल्याच्या मते, मिटल्यात जमा होती. मग ऊर्जानगरच्या वीज केंद्रात यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनियर आपली जपानी गाडी मागे ठेवून मायदेशी निघून गेला. सहा सिलेंडरचं इंजिन, बसकी, रुंद, आणि क्लचच नाही. गिअर आपले आपण पडतात. चंद्रपुरात तिला हात लावायला कुणी मिस्त्री तयार होईना, म्हणून ती एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बाबूभाई जन्मभर कोळशाच्या ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करत आलेले. त्यांनी ती गाडी ओढत दुकानात आणली, तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा खुळावला. पुढच्या हिवाळ्यात नूरी एकटी भद्रावतीपर्यंत जाऊन येऊ लागली. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की गाडी अशी झेपावे की सीट पाठीला चिकटायची, आणि नूरी एकटीच मोठ्याने हसायची. लोकांनी मग म्हातारा खुळा हे म्हणणं सोडलं आणि पोरगी खुळी असं सुरू केलं.

खोट एकच होती. ती गाडी पळण्यासाठी जन्मलेली, आणि आपल्याकडे लग्नात गाडी चालवायची असते ती पायी माणसाच्या चालीने. तीही चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी लावून, पुढे बँड आणि बँडपुढे नाचणारे मामे. मागच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या एका वरातीत नूरीने ती मोठ्या हौसेने नेली. जटपुरा गेटच्या अलीकडे जळक्या तेलाचा वास आला. इंजिन नुसतं गुरगुरलं आणि गाडी जागची हलली नाही. नवरदेव उतरून पायी गेला. नूरीने त्यानंतर कित्येक दिवस बाजारात जायचं टाळलं. आता तेच शगुफ्ताच्या विदाईत, आरिफचाचांच्या डोळ्यांसमोर झालं तर? बहिणीला आपल्या हाताने सासरच्या दारी पोचवायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

"ह्या गाडीच्या गिअरचं सारं काम तेलावर," बाबूभाई दुकानात म्हणाले. "तेल तापलं का पातळ होते, पातळ झालं का पकड सोडते."

"ते मले माहीत हाय, अब्बा. थंड कसं ठेवाचं ते सांगा."

"मोठा रेडिएटर टाकू."

"रेडिएटरनंच तं घात केला! तेलाची नळी त्याच्याच पोटातून फिरवली हाय. जपानात ठीक असन. आपल्या इथी मे महिन्यात रेडिएटरमधल्या पान्यात चहा होते. तापलेल्या पान्यानं तेल थंड होईन काऊन? तेलाले येगळा कूलर पायजे. समोर, हवेच्या तोंडावर."

ज्या माणसाने उभं आयुष्य रेडिएटरांत घातलं त्याला रेडिएटरच गुन्हेगार आहे असं सांगणं म्हणजे काय, हे नूरीला कळायला हवं होतं. त्या दुपारी जेवताना बाबूभाईंनी मीठसुद्धा शगुफ्ताकडून मागवलं. संध्याकाळी मात्र ते सायकलच्या कॅरिअरला काहीतरी पोत्यात बांधून घेऊन आले. कोळसा खाणीतल्या भंगारात निघालेला, लोडरच्या तेलाचा कूलर होता तो. जाडजूड, बारीक पत्र्यांच्या जाळीचा, आणि काजळीने काळा ठिक्कर.

"हा बी रेडिएटरच हाय," ते नजर न देता म्हणाले. "फक्त पान्याचा नाई, तेलाचा." म्हणजे आपण हरलेलो नाही, एवढं त्यांना सांगायचं होतं. नूरीने ते मान्य केलं, कारण कूलर तिला आवडला होता.

मग दुकानात दुसरं काम कुणाचं होईना. कूलरच्या आतला जुना गाळ पेट्रोलने धुऊन, हवा मारून काढायचा; कारण त्यातला एक कणही गिअरच्या तेलात गेला तर आगीतून फुफाट्यात. त्याची तोंडं बंद करून, आत हवा भरून, त्याला पाण्याच्या हौदात बुडवायचं आणि बुडबुडा कुठून निघतो ते पाहायचं. हे काम नूरीचं. ती हौदावर ओणवी होऊन श्वास रोखून पाही, जणू बुडबुडा तिच्याच नाकातून येणार होता. मग रेडिएटरच्या पुढे, हवेला वाट राहील एवढी फट ठेवून, कूलर लोखंडी पट्ट्यांवर बसवला. तेल आधी रेडिएटरमधून जाईल आणि मग निवायला कूलरमध्ये येईल, अशा नळ्या जोडल्या. त्याच्यापुढे विजेवर फिरणारा पंखा लावला, म्हणजे गाडी उभी असली तरी वारा मिळेल. आणि स्टिअरिंगच्या बाजूला तेलाचा ताप दाखवणारं एक काट्याचं घड्याळ. काटा लाल पट्ट्यात गेला की समजायचं, गाशा गुंडाळा.

आता हे सगळं चालतं का ते कळायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर गाडी कधीच तापत नव्हती. ती तापायची वरातीच्या चालीला.

"तं वरात काढू," नूरी म्हणाली.

बिरजू बँडवाल्याला बोलावणं गेलं. त्याला सांगितलं, भाऊ, तू फक्त पुढे चाल, वरातीत चालतो तसा. बिरजूने प्रामाणिक प्रयत्न केला. पण चार पावलं टाकली की तो भराभर चालू लागे. शेवटी तो हताश होऊन म्हणाला, "बाई, वाजवल्याशिवाय मले हळू चालता येत नाई. पायाले समजतच नाई." मग त्याने क्लॅरिनेट काढलं, त्याचा ढोलवालाही आला, आणि भर दुपारी, ऊर्जानगरच्या रस्त्याला, नवरदेव नसलेली वरात निघाली. पुढे बिरजू, मागे नूरीची गाडी, आणि मागच्या सीटवर घड्याळाच्या काट्यावर डोळे लावून पुढे वाकलेले बाबूभाई.

बँड वाजला आणि लोक घरात बसले, असं आपल्याकडे कधी झालेलं नाही. कंपनीच्या बसमधून उतरलेली मंडळी रेंगाळली. दोघा-तिघांनी कुणाचं लग्न हे न विचारताच नाचायला सुरुवात केली. रस्त्याकडेच्या घरातून सुगंधाबाई नावाची म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली, गाडीवरून पाणी ओवाळून टाकलं, आणि काचेला नाक लावून आत पाहिलं.

"नवरदेव हाच का जी?"

"नाई नाई," बाबूभाई घाईघाईने म्हणाले, "मी काटा पाहून राह्यलो."

"पाह्य बाप्पा पाह्य. या वयात पाहूनच केलेलं बरं," म्हातारी म्हणाली आणि तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

संध्याकाळपर्यंत बाबूभाईंनी दुसरं लग्न केल्याची बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. शगुफ्ताने दार उघडलं ते हसत हसत लोळण घेतच. बाबूभाई चिडले, कपाळ पुसलं, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं. कारण काटा अर्ध्यावर येऊन तिथेच थांबला होता. एसी लावून, ढोलामागे रांगत जाऊनही थांबला होता. नूरीने त्या रात्री गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तिला शाबासकी दिली.

लग्नाचा दिवस उजाडला तो भट्टीसारखा. सकाळी निकाह झाला, दुपारची जेवणं झाली, आणि विदाईची वेळ आली तशी घरातल्या बायका हुंदके देऊ लागल्या. शेजारीण रडली, आत्या रडली, ढोलवालाही डोळे पुसू लागला. नूरी तेवढी कोरडी. ती गाडीखाली डोकावून नळ्यांना तेल पाझरतंय का ते पाहत होती. "पत्थरदिल हाय पोरगी," कुणीतरी म्हणालं. नूरीने ऐकलं आणि पंख्याचं बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

मागे दुल्हा-दुल्हन, पुढे नूरीच्या शेजारी बाबूभाई, आणि त्यांच्यामागे आरिफचाचांची सुमो, घारीने पिल्लावर नजर ठेवावी तशी. मोहल्ल्यातून रांगत निघालेली गाडी मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली आणि नूरीने पाय दाबला. दोन्ही बाजूंनी सागाची, मोहाची झाडं मागे पळू लागली. सुमो आरशात लहान लहान होत गेली. अनसने सेहरा बाजूला करून विचारलं, "आपा, जरा जास्तच जोरात नाई होऊन राह्यलं?"

"घाबरता काय? आत्ताशी तं निघालो," नूरी म्हणाली, आणि घुंघटातून शगुफ्ताचं हसू फुटलं.

सिंदेवाहीच्या नाक्यावर सगळं सासर उभं होतं. बँड होता, पोरंसोरं होती, आणि सगळ्यांच्या पुढे उमेराफुफी. म्हणजे अनसची आत्या, आरिफचाचांची थोरली बहीण. बायकांनी सकाळपासून बसून गुंफलेली मोगऱ्याची आणि झेंडूची एक भलीमोठी चादर त्यांनी आणली होती, पाणी शिंपडून ओली ठेवलेली. फुफींनी वाकून खिडकीतून नूरीला पाहिलं, तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तूच आनली का माही दुल्हन? शाबास! आरिफ उगाच तोंड चालवते."

नूरीला भरून आलं. इतके दिवस ज्या घराशी तिने मनातल्या मनात भांडण केलं होतं, त्या घरातली सगळ्यात मोठी बाई तिला शाबास म्हणत होती. त्या आनंदात, बायका चादर बॉनेटवर अंथरू लागल्या तेव्हा, तीच म्हणाली, "समोरूनही बांधा फुफी, खालीपर्यंत. चांगली दिसन." बायकांनी चादर समोरून थेट बंपरपर्यंत ताणून दोऱ्यांनी गच्च आवळली. बाबूभाई तोवर अनसच्या वडलांच्या गळाभेटीत गुंतले होते.

बँड वाजू लागला, मामे नाचू लागले, गाडी रांगू लागली. नूरी खुशीत होती. अर्धा बाजार मागे पडला आणि तिची नजर सहज घड्याळाकडे गेली. काटा अर्ध्याच्या वर होता.

तिने एसी बंद केला. काटा थांबेना. पुढे मशिदीचं वळण, आणि वळणापलीकडे सासरचा मांडव दिसत होता. एवढंसं अंतर. पण मामे काही तसूभर पुढे सरकायला तयार नव्हते. मागून पोरं ओरडत होती. आरशात सुमोचं थोबाड होतं. दात ओठ खाऊन पुढे रेटावं का? कदाचित पोचेल. आणि नाही पोचली तर? गाडी नुसती गुरगुरेल, जळका वास येईल, आणि शगुफ्ता या गावात पहिल्यांदा येईल ती सगळ्यांच्या हसण्यात. जटपुरा गेटजवळचे ते चेहरे तिला आठवले.

"अब्बा, पंखा फिरून राह्यला नं?"

बाबूभाईंनी काचेबाहेर डोकं काढलं. "फिरते. पन आवाज घुसमटल्यासारखा हाय."

आणि मग नूरीला दिसलं. ओल्या फुलांची चादर गाडीच्या तोंडाला अशी चिकटून बसली होती, जणू कुणी तोंडावर उशी दाबली आहे. पंखा हवा ओढत होता आणि हवेऐवजी झेंडू ओढत होता. महिनाभर जिवाचा आटापिटा करून जिथे वारा मिळवला होता, तिथेच तिने स्वतः सांगून फुलं बांधून घेतली होती. काटा लाल पट्ट्याला टेकत होता.

नूरीने ब्रेक दाबला. बँड दोन पावलं पुढे जाऊन गोंधळून थांबला.

आरिफचाचा सुमोतून उतरले ते जवळजवळ नाचतच. "थांबली नं? बोललो होतो का नाई? चाल अनस, दुल्हनले घेऊन इकडे ये!"

शगुफ्ताने खटकन आपल्या दाराचं लॉक लावलं. सासरच्या गावात नव्या नवरीने तोंड उघडायचं नसतं, पण तिने काच थोडी खाली केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आपाच्याच गाडीतून उतरनार. नाईतर इथीच बसतो."

"मी बी," अनस सेहऱ्याआडून म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने स्वतःहून घेतलेला हा पहिला निर्णय असावा.

नूरी उतरली. लंगडत पुढे गेली. समोर फुफी उभ्या होत्या, आणि त्यांच्या बोटांना अजून फुलांचा हिरवा डाग होता. रागात नूरीला शब्द भराभर सुचायचे. चूक कबूल करताना एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"फुफी, चूक माही हाय. गाडीले इथून, समोरून वारा लागते. मीच तुम्हाले फुलं बांधाले लावली. खुशीत इसरलो. तुम्ही एवढ्या मेहनतीनं केली, आन मले ती काढा लागते. नाई काढली तं गाडी मरन."

दुल्हनच्या गाडीवरची फुलं भर रस्त्यात उतरवायची म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. आरिफचाचा म्हणाले, "गाडीत दम नाई आन फुलाईवर ढकलते. उमेराआपा, तुम्ही सुमोचं दार उघडा."

फुफी वळल्या. "आरिफ, सासरच्या उंबऱ्याआधी दुल्हनचा पाय सडकीवर टेकवाचा का तुले? आपल्या अम्मीच्या येळी कोनी टेकवला होता?" फुफींनी स्वतः वाकून दोरीची गाठ सोडली. "चार बाया इकडे या गं. चारी कोपरे धरा. फुलं गाडीवर नाई तं गाडीच्या वर न्या. छत करा."

बायकांनी चादर उचलून हात उंच केले. नूरीने लगबगीने परत जाऊन गिअर मोकळा केला, इंजिनाला थोडं जास्त फिरू दिलं आणि पंख्याचा आवाज मोकळा झालेला ऐकला. बाबूभाई काट्याकडे पाहत काहीतरी पुटपुटत होते, बहुधा दुआ. काटा आधी अडला, मग हळूहळू, मोठे उपकार केल्यासारखा, खाली येऊ लागला. तोवर मामे थकतील अशी कुणाला आशा असेल तर ती फुकट गेली. ते जागच्या जागी नाचतच होते.

गाडी पुन्हा निघाली. बॉनेटच्या वर ओल्या मोगऱ्याचं छत, ते धरून चालणाऱ्या घामाघूम बायका, आणि त्यांच्या चालीने रांगत जाणारी ती सहा सिलेंडरची गाडी. मशिदीचं वळण गेलं. मांडवाच्या दाराला अगदी लागून नूरीने गाडी उभी केली, उतरून मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला. शगुफ्ताचा मेंदी लावलेला हात तिच्या हातात आला. शगुफ्ताने पाय टाकला तो थेट सासरच्या उंबऱ्यावर. मग बायकांनी तिला वेढलं, फुलांचं छत आत गेलं, आणि बँडही त्यांच्यामागे गेला.

नूरी उघड्या दारापाशी एकटीच उभी राहिली. मागची सीट रिकामी होती. सकाळपासून सगळे रडले होते, तिला वेळच मिळाला नव्हता. गाडी पोचली पाहिजे, गाडी पोचली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गाडी पोचली. आणि आता तिला कळलं की आपण आपल्या हाताने शगुफ्ताला इथे आणून सोडलंय, आणि परत जाताना ती मागे बसलेली नसणार. ती तशीच सीटच्या कडेवर बसली आणि मोठ्याने रडू लागली. लोक पाहत होते, पाहू देत. बाबूभाई रेडिएटरसाठी आणलेला पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभे राहिले आणि काय करावं न सुचून तोच तिच्यापुढे धरला.

आरिफचाचा घसा खाकरत आले. त्यांनी बुटाच्या टोकाने गाडीचा टायर दाबून पाहिला.

"गाडी थांबली होती," ते म्हणाले.

"हो, थांबली होती," नूरी नाक ओढत म्हणाली.

"आता चौथीच्या रिवाजाले, लग्नाच्या चौथ्या दिवशी, दुल्हनले माहेरी न्याले तिचा भाऊ येत असते. आम्ही दुसऱ्या कोनासंगं पाठवत नाई."

म्हणजे चुलतभाऊच, नूरीला वाटलं.

"तं तू येजो," आरिफचाचा म्हणाले. "जेवन इथीच. आन गाडीच्या तोंडाले कोनी हात लावनार नाई, मी स्वतः उभा राहतो."

"येतो नं, चाचा," नूरी म्हणाली, आणि पुन्हा रडू लागली.